तीन सह्यांचा अर्ज

अमेरिकेत एखादा कारखाना बंद पडला किंवा त्याने माणसे कमी केली, तर तिथल्या कोणत्याही तीन कामगारांना एकत्र येऊन केंद्र सरकारकडे एक अर्ज करता येत असे. मालकाची परवानगी लागत नसे, वकील लागत नसे. युनियन असेल तर ती अर्ज करी, कधी मालक स्वतःच करी. पण दोन्ही नसले तरी तीन सह्या पुरत. अर्ज वॉशिंग्टनला कामगार खात्याकडे जाई. त्यात सांगायचे ते एवढेच, की आमचे काम परदेशी मालामुळे गेले. खाते चौकशी करी. पूर्वी ६० दिवसांत आणि २००२च्या कायद्यानंतर ४० दिवसांत उत्तर देणे त्याच्यावर बंधनकारक होते. उत्तर ‘होय’ आले, तर त्या तिघांनाच नव्हे, तर त्या ठिकाणच्या, त्या मुदतीत काम गेलेल्या प्रत्येकाला मदतीचा दरवाजा उघडे. ‘नाही’ आले, तर साधा बेकारभत्ता घेऊन घरी बसायचे.

या योजनेचे नाव ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स. मराठीत ‘व्यापार-समायोजन साहाय्य’ म्हणता येईल, पण ‘समायोजन’ हा शब्द मूळ इंग्रजी शब्दाइतकाच पुष्कळ काही झाकतो. म्हणून मी तिला तिच्या आद्याक्षरांनीच, टीएए, म्हणणार आहे.

मी सोलापूरचा. तीस वर्षे एका सूत-व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिले. वडील गिरणीत साचेखात्यात होते. या विषयाची कुठलीही पदवी माझ्याकडे नाही. अमेरिकेतल्या एका टॉवेलच्या गावाबद्दल वाचताना टीएएचा उल्लेख आला आणि मग मी त्यांच्या सरकारी राजपत्रातल्या याद्या वाचू लागलो. कंपनीचे नाव, गावाचे नाव, राज्य, तारीख. मंजूर किंवा नामंजूर. इतके रुक्ष वाचन मी दुसरे केलेले नाही. पण त्या याद्यांत उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना, जॉर्जिया, अलाबामा या राज्यांतली गावे पुन्हा पुन्हा येतात. सूतगिरण्या, विणकाम, मोजे, चादरी, शिवणकाम. आपल्याकडे सोलापूर-मालेगाव-इचलकरंजी म्हणावे, तशी ती गावे.

योजनेमागचा विचार १९५४ इतका जुना. अमेरिकेने आयातकर कमी करावेत का, हे ठरवण्यासाठी नेमलेल्या रँडल आयोगावर पोलाद कामगारांचे नेते डेव्हिड मॅक्डॉनल्ड होते. त्यांनी असे मांडले, की खुल्या व्यापाराचा फायदा साऱ्या देशाला होणार असेल, तर त्याची किंमत मोजणाऱ्या मूठभर कामगारांची भरपाईही साऱ्या देशाने करावी. आयोगाने ते स्वीकारले नाही. १९६२ मध्ये केनेडींना आयातकर मोठ्या प्रमाणात घटवण्याचे अधिकार हवे होते आणि त्यासाठी कामगार संघटनांचा पाठिंबा हवा होता, तेव्हा ही कल्पना कायद्यात आली. कापडाच्या राज्यांना तर त्यांनी आधीच वेगळे समजावले होते. सुती कापडाच्या आयातीला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९६१ मध्येच झाला. पुढे त्याचाच विस्तार होऊन कोट्याची ती प्रचंड व्यवस्था उभी राहिली, जी १ जानेवारी २००५ला संपली आणि आपल्या निर्यातदारांना मोकळे मैदान मिळाले.

१९६२चा कायदा वाचताना तो उदार वाटतो. पण तो लागू झाल्यापासून १९६९च्या नोव्हेंबरपर्यंत एकाही कामगाराला त्यातून मदत मिळाली नाही. कारण असे, की आयात वाढली एवढे दाखवून भागत नव्हते. आयात वाढली ती सरकारने कर घटवल्यामुळेच, आणि काम गेले ते मुख्यतः त्या आयातीमुळेच, अशी दुहेरी साखळी सिद्ध करावी लागे. गिरणी बंद पडण्याची कारणे कधी एकटी येत नाहीत. जुनी यंत्रे, मालकाने दुसरीकडे वळवलेला पैसा, फॅशन, मंदी. ‘मुख्य कारण’ या दोन शब्दांनी सात वर्षे दार बंद ठेवले. कामगार संघटनांत या योजनेला ‘अंत्यविधीचा विमा’ म्हणू लागले ते उगाच नव्हे.

१९७४च्या कायद्याने अट सैल केली. आयातीचा ‘महत्त्वाचा हातभार’ लागला असला तरी पुरे झाले. १९८०च्या सुमारास मोटार कारखान्यांतले कामगार लाखांनी आले आणि एका वर्षाचा खर्च दीड अब्ज डॉलरच्या वर गेला. १९८१ मध्ये रेगन सरकारने कात्री लावली. तेव्हापासून भर रोख पैशावरून प्रशिक्षणावर सरकला, आणि १९८८ला तर नियमच झाला, की भत्ता हवा असेल तर प्रशिक्षण घ्यायलाच हवे. मधल्या सुधारणा इथे सोडून देतो. त्यांच्या तपशिलात माझेही डोके फिरले आहे.

आता ते टॉवेलचे गाव. उत्तर कॅरोलायनातले कॅनापोलिस. जेम्स कॅनन याने १८८७ मध्ये शेजारच्या काँकर्ड गावात गिरणी काढली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मोकळ्या शेतजमिनीवर कॅनापोलिस वसवले. कॅनन हे नाव अमेरिकेत टॉवेलचे दुसरे नाव झाले. घरे गिरणीची, रस्ते गिरणीचे, पोलिसांचा खर्च गिरणीचा. १९८४ पर्यंत या गावाला नगरपालिकाच नव्हती. परळ-लालबागच्या चाळींतसुद्धा मालकाचा हात इतका खोल गेला नव्हता. युनियन आणायचा प्रयत्न कामगारांनी १९७४ पासून केला, मतदानात पुन्हा पुन्हा हरले आणि अखेर १९९९च्या जूनमध्ये जिंकले. तोवर गिरणी दोन-तीन मालकांच्या हातून फिरून पिलोटेक्स या कंपनीकडे आली होती. २००० मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, २००२ मध्ये ती त्यातून बाहेर आली, आणि ३० जुलै २००३ रोजी तिने सगळेच बंद केले. एकट्या उत्तर कॅरोलायनात त्या दिवशी चार हजारांहून अधिक माणसांचे काम गेले. एका दिवसातली एवढी मोठी कपात त्या राज्याने तोवर पाहिली नव्हती.

टीएएचा अर्ज मंजूर झाला. खरी परीक्षा त्यानंतरची आहे. मंजुरी मिळे ती गटाला. पैसे मिळवायचे ते प्रत्येकाने, आपल्या राज्याच्या कचेरीत जाऊन. आधी नेहमीचा बेकारभत्ता २६ आठवडे. तो संपल्यावर टीएएचा भत्ता, पण मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात नाव घातले असेल किंवा कचेरीने लेखी सूट दिली असेल तरच. नाव घालायची मुदत २००२च्या कायद्यात अशी होती: मंजुरीनंतर ८ आठवडे किंवा काम गेल्यानंतर १६ आठवडे, यांतली जी तारीख नंतर येईल ती. ती चुकली तर भत्ता गेला. फीचा खर्च मात्र सरकार करी, आणि ती सोय खरोखर मोठी होती. दोन वर्षे शिकता येई, त्यापूर्वी प्राथमिक शिक्षण लागणार असेल तर त्याला आणखी अर्धे वर्ष.

कॅनापोलिसच्या कामगारांना हा ‘आणखी’चा काळ लागला. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांनी शाळा पुरी केलेली नव्हती. करायची गरजच नव्हती. वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी गिरणीत जाता येत होते आणि आईबाप, मामा-मावश्या आधीच तिथे होत्या. आता पन्नाशीतली माणसे शेजारच्या सामुदायिक महाविद्यालयात अपूर्णांक शिकायला बसली. हात कापडात पंचवीस-तीस वर्षे मुरलेला, आणि सरकारच्या लेखी मात्र ‘कौशल्य नसलेला’. आपल्याकडे साचेवाल्याला कुणी अकुशल म्हटले तर तो काय बोलला असता, हे इथे छापण्याजोगे नाही.

आजारपणाच्या विम्याची गोष्ट जास्त टोचणारी आहे. अमेरिकेत विमा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की तो जातो. २००२च्या कायद्याने टीएएच्या कामगारांसाठी सोय केली, की विम्याच्या हप्त्याचा ६५ टक्के भाग सरकार करसवलतीच्या रूपाने भरील. ही रक्कम महिन्याच्या महिन्याला आगाऊ देण्याची व्यवस्था २००३च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे पिलोटेक्स बंद पडल्यानंतर लगेच, सुरू झाली. कागदावर वेळ अगदी जुळली. पण उरलेले ३५ टक्के कुठून आणायचे? कुटुंबाचा हप्ता महिन्याला शेकडो डॉलर, आणि हातात येतो तो बेकारभत्ता. देशभरात ज्यांना ही सवलत मिळू शकत होती, त्यांतल्या थोड्यांनीच ती घेतली.

पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी आणखी एक वाट होती, आणि माझ्या मते साऱ्या कायद्यातली सर्वांत शहाणी कल्पना तीच: वेतनविमा. कमी पगाराची नोकरी धरा, जुन्या आणि नव्या पगारातल्या फरकाचा अर्धा भाग सरकार देईल, दोन वर्षांत जास्तीत जास्त १०,००० डॉलर. वर्गात बसायची सक्ती नाही. फक्त नोकरी २६ आठवड्यांत मिळाली पाहिजे आणि ती पूर्णवेळ असली पाहिजे. एकाच दिवशी चार हजार माणसे ज्या टापूत रस्त्यावर आली, तिथे पंचावन्न वर्षांच्या विणकरणीने अर्ध्या वर्षात पूर्णवेळ नोकरी शोधायची.

हे झाले दाराच्या आतले. दारावरचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. टीएए विचारी: तुमचे काम कशाने गेले? या प्रश्नाचे उत्तर कामगाराजवळ नसते. ते मालकाच्या कपाटात असते. ऑर्डर कुणी काढून घेतली, ती कुठल्या देशात गेली, हे साचेवाल्याला कसे कळणार? खाते चौकशी करी म्हणजे बहुधा त्याच मालकाला प्रश्नावली पाठवी. निकालाविरुद्ध न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात जाता येई, आणि तिथल्या न्यायाधीशांनी खात्याच्या वरवरच्या चौकशीवर अनेकदा कडक ताशेरे ओढले आहेत. शिवाय काम कुठल्या देशात गेले यानेही फरक पडे. २००२च्या कायद्यानुसार कारखाना मेक्सिकोसारख्या व्यापारकरार असलेल्या देशात हलला, तर तेवढ्यावर मंजुरी मिळे. चीनला किंवा भारतात हलला, तर तिथून माल परत येतो आहे किंवा येण्याची शक्यता आहे, हेही दाखवावे लागे. काम गेलेल्या बाईच्या चुलीला या दोहोंत काय फरक?

याच प्रश्नाने पुढे संगणकवाल्यांना गाठले. सॉफ्टवेअरचे काम बाहेरच्या देशांत जाऊ लागले, त्यात आपले पुणे-बंगळूरही आले, आणि अमेरिकेतल्या प्रोग्रामरांनी टीएएसाठी अर्ज केले. खात्याने सांगितले, तुम्ही ‘वस्तू’ बनवत नाही. सॉफ्टवेअर तबकडीवर घालून विकले तर वस्तू, तारेतून पाठवले तर नाही. न्यायालयाला हे पटले नाही. २००६ मध्ये खात्याने भूमिका बदलली, आणि २००९ मध्ये कायद्यानेच सेवाक्षेत्र आत घेतले.

आपल्याकडे केंद्र सरकारने १५ सप्टेंबर १९८६ला वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना सुरू केली. बंद पडलेल्या खासगी गिरणीच्या कामगाराला तीन वर्षे मदत: पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. सलग पाच वर्षे नोकरी झालेली हवी (यात बदली कामगार कसा बसणार, हे गिरणगावातल्या कुणालाही विचारा), आणि वेतन एका मर्यादेच्या आत हवे. ही योजना कारण विचारत नसे. आयात, संप, मालकाची लूट, काहीही असो. तिचा प्रश्न वेगळा होता: तुमची गिरणी खरोखर बंद झाली आहे का? म्हणजे राज्य सरकारने औद्योगिक विवाद कायद्याखाली बंदीची परवानगी दिली आहे, किंवा न्यायालयाने अवसायक नेमला आहे, याचा कागद दाखवा. भोंगा थांबला, फाटकाला कुलूप लागले, हे पुरेसे नाही.

वडिलांच्या गिरणीचे नाव मी घेत नाही. तिचे फाटक बंद झाले आणि तो कागद यायला तीनेक वर्षे गेली. मधल्या काळात वडिलांनी एका पॉवरलूमच्या शेडमध्ये नगावर काम धरले. योजनेच्या नियमात होते, की दुसऱ्या नोंदणीकृत किंवा परवानाधारक आस्थापनात काम मिळाले की मदत थांबे. शेडची कुठेच नोंदणी नव्हती, त्यामुळे वडील नियमात बसले. चांगल्या कारखान्यात लागले असते, तर बसले नसते. नियम लिहिणाऱ्याच्या मनात असे नसेल. पण अमेरिकेचा नियम माणसाला वर्गात ढकलतो आणि आपला बिननोंदणीच्या शेडमध्ये, एवढे मात्र मला त्यातून दिसले. आणखी एक कलम: ही मदत वारसाला मिळत नसे. कागदाची वाट पाहता पाहता जे गेले, त्यांचा हक्क त्यांच्याबरोबर गेला.

एक खेळ मी पुष्कळदा मनाशी खेळतो. १९८२चा संप झालेल्या मुंबईच्या कामगाराला अमेरिकेच्या कायद्यासमोर उभे करायचे. अडीच लाखांच्या आसपास माणसे १८ जानेवारीला बाहेर पडली, संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही आणि बहुतेकांची नोकरी परत आली नाही. त्यांचे काम कुठे गेले? भिवंडीला, मालेगावला, इचलकरंजीला. परदेशी नाही. अर्ज नामंजूर. आता त्याच कामगाराला आपल्या योजनेसमोर उभे करू. त्याची गिरणी बंदही नाही आणि चालूही नाही. मालक जमिनीचा भाव पाहत थांबलेला आहे. कागद नाही. अर्ज नामंजूर. या योजनेत अहमदाबादच्या गिरण्यांचे कामगार मोठ्या संख्येने आले, कारण तिथे गिरण्या पटापट अवसायनात निघाल्या. मुंबईत जमीन इतकी महाग होती, की गिरणीला मरूसुद्धा दिले गेले नाही. उलट कॅनापोलिसची विणकरीण आपल्या नियमात सहज बसली असती. तिच्या कंपनीचे दिवाळे न्यायालयातच निघाले होते.

टीएएचा उपयोग झाला का? याचे एकच उत्तर नाही. कामगार खात्यासाठी झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या मूल्यमापनात असे दिसले, की चार वर्षांनंतरही योजनेतले कामगार त्यांच्यासारख्याच इतर बेकारांपेक्षा कमी कमावत होते. शिकण्यात गेलेला काळ भरून निघाला नव्हता, वय झालेल्यांचा तर नाहीच. नंतर बेंजामिन हायमन या अर्थशास्त्रज्ञाने वेगळी युक्ती केली. अर्ज तपासणारे अधिकारी काही सैल, काही कडक असत आणि कुणाचा अर्ज कुणाकडे जावा हे जवळजवळ नशिबावर असे. सारख्याच गिरण्यांपैकी एकीला सैल अधिकारी मिळाला आणि दुसरीला कडक, तर पुढे त्यांच्या कामगारांचे काय झाले? मदत मिळालेल्यांनी दहा वर्षांत एकूण सुमारे ५०,००० डॉलर जास्त कमावले, जरी हा फरक दहाव्या वर्षापर्यंत ओसरत गेला. मला हा अभ्यास अधिक पटतो. पण त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट अस्वस्थ करते. माणसाची दहा वर्षांची कमाई टेबलापलीकडे कोण बसला होता यावर ठरली.

आणि ही सारी चर्चा थोड्यांबद्दलची आहे. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी २०१३ मध्ये दाखवले, की चिनी मालाचा मार जिथे जास्त बसला तिथे सरकारी मदत वाढली खरी, पण ती टीएएतून नाही. अपंगत्वाच्या पेन्शनमधली वाढ टीएएमधल्या वाढीच्या तीस पटींहून जास्त होती. गिरणी कामगाराच्या पाठीला, गुडघ्याला, फुप्फुसाला काही ना काही झालेले असतेच. जोवर काम असते तोवर तो ते सोसतो. काम गेले की तेच दुखणे त्याचा एकमेव दाखला ठरते. व्यापाराने घेतलेले काम अशा रीतीने वैद्यकीय खात्यावर लिहिले गेले.

कॅनापोलिसची गिरणी पाडली गेली. तिच्या जागेवर पोषण आणि जैवतंत्रज्ञान यांच्या संशोधनाचे संकुल उभे राहिले. तिथल्या प्रयोगशाळांत कामाला पदवी लागते. कॅनन, फील्डक्रेस्ट, रॉयल व्हेल्व्हेट ही नावे विकली गेली आणि टॉवेलवर टिकली; टॉवेल बाहेरून येऊ लागले. आज अमेरिकेला सुती टॉवेल पुरवणाऱ्या देशांत भारत सर्वांत पुढे आहे. टीएएची मुदत ३० जून २०२२ला संपली आणि अमेरिकी संसदेने ती वाढवली नाही. तेव्हापासून नवे अर्ज तपासले जात नाहीत.

२७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावरचा वाढीव आयातकर ५० टक्क्यांवर नेला होता. सोलापूरच्या टॉवेलवाल्यांचे गणित त्यामुळे बिघडले. तेव्हा इथल्या कामगाराचे काम गेले असते, तर ते आयातीमुळे नव्हे, दुसऱ्या देशाने आपली आयात अडवल्यामुळे गेले असते. १९८६ची पुनर्वसन योजना १ एप्रिल २०१७ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाली आहे. त्यात पहिले वर्षभर वेतनाच्या ५० टक्के आणि दुसरे वर्षभर २५ टक्के बेकारभत्ता आहे. मात्र कामगार राज्य विम्यात नोंद हवी, दोन वर्षांची वर्गणी भरलेली हवी, आणि कारखाना बंद झाल्याचा किंवा कपात झाल्याचा कागद हवा. शेडमध्ये नगावर काम करणाऱ्याला कपातीचे पत्र मिळत नाही. त्याला सांगतात, सूत आले की निरोप देऊ.